प्रार्थनेच्या यादीतलं कोल्हापूर

शाहूपुरी म्हटलं की कोल्हापूरकराच्या नाकाला आधी गुळाचा वास येतो. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. चारच वर्षं आधी मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात आली होती, त्यामुळं अडत दुकानं, वखारी, गुळाचे सौदे हे सगळं मागोमाग आलंच. पेठ पसरत गेली, न्यू शाहूपुरी झाली. तिथं वायल्डर मेमोरियल चर्च आहे. नाताळात रोषणाई बघायला येणाऱ्यांपैकी कितीजणांना हे वायल्डर कोण ते ठाऊक असतं, देव जाणे. खरं सांगायचं तर मंडळीतल्या तरुण पोरांनाही फारसं नसतं. ज्यांच्या नावानं हे उपासनामंदिर उभं आहे ते गृहस्थ शाहूपुरी वसण्याच्या आठ वर्षं आधीच, १८८७ मध्ये, न्यूयॉर्कला वारले.

मंडळीच्या वाटचालीवर लिहायचं म्हणजे कोनशिला कुणी बसवली, पाळक कोण कोण होऊन गेले, घंटा कुठून आणली, महोत्सव कधी झाले आणि शेवटी देणगीदारांची यादी, असा आपल्याकडचा ठरलेला साचा आहे. स्मरणिकांमधून ते सगळं येतंच. इथं मी एका वेगळ्याच गोष्टीची वाटचाल सांगणार आहे : प्रार्थनेची. कोल्हापूरसाठी परमुलखातल्या लोकांनी केलेल्या, आणि पुढं कोल्हापूरशी, महाराष्ट्राशी नातं असलेल्या माणसांनी परमुलखांसाठी केलेल्या प्रार्थनेची. ही वाट शेवटी अशा देशांत जाऊन पोचते जिथं शतकानुशतकं चर्चच्या घंटा वाजत होत्या, घराघरात क्रूस होता, आणि तरीही प्रॉटेस्टंट मिशनच्या प्रार्थनेच्या यादीत त्या देशांची नावं होती. कॅथलिक देश.

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट संस्थानातल्या ब्रिडपोर्ट गावचा. शिक्षण मिडलबरी कॉलेजात, मग अँडोव्हरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात. १८४६ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेनं त्यांना हिंदुस्थानात पाठवलं. पहिली सहा वर्षं अहमदनगरला गेली आणि १८५२ साली ते कोल्हापुरात आले. गादीवर तेव्हा बाबासाहेब महाराज होते. अंबाबाईचं गाव, दक्षिण काशी म्हणून मिरवणारं. इथं बिऱ्हाड थाटून पाद्र्यानं काय करावं? वायल्डरांनी शाळा काढल्या. पायाला भिंगरी लावून गावं पालथी घातली. त्यांच्या चरित्रात आकडे दिलेले असतात : ३,००० वर गावं आणि शहरं, ३० लाखांवर छापील पानांचं वाटप, शाळांमधून ३,३०० मुलं आणि त्यांत ३०० मुली. हा हिशेब मिशनऱ्यांच्या वहीतला, तेव्हा त्यात उत्साहाची भर किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ३०० मुली हा आकडा मला थांबवतो. एकोणिसाव्या शतकातल्या मधल्या दशकांत, संस्थानी मुलखात.

शाळांवरूनच त्यांचं आपल्या बोर्डाशी बिनसलं. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. मिशननं शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, शक्ती खर्चू नये, सुवार्ता सांगावी आणि मंडळ्या उभ्या कराव्यात, असं त्यांचं मत. वायल्डर म्हणत, शाळा नसेल तर ऐकायला येणार कोण? १८५७ साली प्रकृती ढासळली म्हणून वायल्डर अमेरिकेला गेले. त्याच सालच्या जुलैअखेर कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. इकडं तोफा, तिकडं बोर्डाशी पत्रांची लढाई. बोर्डानं त्यांना परत पाठवायला नकार दिला. त्यांनी आपली बाजू मांडणारं हिंदुस्थानातल्या मिशन शाळांवरचं पुस्तकच १८६१ मध्ये छापलं, आणि त्याच साली ते स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरात परतले. पाठीशी बोर्ड नाही, पगाराची हमी नाही. होती ती मायदेशातल्या स्नेह्यांची वर्गणी आणि त्यांची प्रार्थना.

कोल्हापूरच्या मिशनचा पिंड मला इथं घडलेला दिसतो. तब्बल नऊ वर्षं हे मिशन कुठल्याही बोर्डाचं नव्हतं. व्हरमाँट-न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरात बसून कुणी बाई कोल्हापूर हा शब्द अडखळत उच्चारायची, डोळे मिटायची आणि डब्यात चार नाणी टाकायची, त्यावर इथली शाळा चालायची. १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बोर्डानं कोल्हापूर आपल्याकडं घेतलं. मग पसारा वाढला : १८७३ मध्ये रत्नागिरी, १८८४ मध्ये सांगली, १८९२ मध्ये मिरज, १९०० मध्ये वेंगुर्ला. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले आणि मिरजेचं नाव दवाखान्यासाठी मुलूखभर झालं. त्या दवाखान्याची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सोडतो.

मला बोर्डाच्या यादीकडं वळायचं आहे. ज्या बोर्डानं कोल्हापूर घेतलं त्याच बोर्डाचं काम कोलंबियात १८५६ पासून, ब्राझीलमध्ये १८५९ पासून, मेक्सिकोत १८७२ पासून होतं. डेव्हिड ट्रंबुल १८४५ पासून चिलीतल्या वाल्पारायसो बंदरात काम करत होते. तिथलं काम बोर्डाकडं आलं १८७३ मध्ये, ज्या साली आपली रत्नागिरी आली. शतकाच्या अखेरीस या चर्चनं मिशनसाठी प्रार्थनेची वार्षिक पुस्तिका काढायला सुरुवात केली. वर्षाचे दिवस वाटून घेतलेले, त्या त्या दिवशी कुठल्या मुलखासाठी आणि कुणासाठी प्रार्थना करायची ते लिहिलेलं. आपल्या पंचांगासारखंच म्हणा, फक्त तिथीच्या जागी माणसांची नावं. म्हणजे एका पानावर कोल्हापूर, दुसऱ्या पानावर वाल्पारायसो. फिलाडेल्फियातल्या भाविकाला दोन्ही सारखीच दूर.

पण दोन्ही सारखी होती का? कोल्हापुरात येशूचं नाव नवीन होतं. वाल्पारायसोत ते तीनशे वर्षं जुनं होतं. तिथल्या एखाद्या आजीला कुणी सांगितलं असतं, की आजी, परदेशातले लोक तुम्हाला प्रभूची ओळख व्हावी म्हणून प्रार्थना करताहेत, तर तिनं जपमाळ खाली ठेवून त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

दुसऱ्यानं आपल्यासाठी प्रार्थना करावी हे सुखाचंच वाटतं. पण त्या प्रार्थनेत आपलं वर्णन 'अंधारात चाचपडणारे' असं असेल तर? कोल्हापूरला हा अनुभव आहे. मिशनरी मासिकांतून आपल्या गावाची जी वर्णनं छापली गेली ती वाचताना आज कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसालाही अवघडल्यासारखं होतं. गाव आपलं, आजी-आजोबा आपले, आणि लिहिणाऱ्याचं मंडळीवर ऋण आहे ते वेगळंच. माझं म्हणणं एवढंच, की यादीत नाव असणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्यानं वाल्पारायसोच्या आजीचा राग जास्त चांगला ओळखायला हवा.

आता वायल्डरांच्या घरात येऊ.

मुलगी ग्रेस आणि तिचा धाकटा भाऊ रॉबर्ट पार्मली वायल्डर. रॉबर्टचा जन्म २ ऑगस्ट १८६३ चा, कोल्हापूरचा. म्हणजे आपल्या पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेलं पोर. १८७५ च्या सुमारास वडिलांच्या प्रकृतीमुळं कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनमध्ये स्थिरावलं. थोरले वायल्डर तिथंही स्वस्थ बसले नाहीत. १८७८ पासून त्यांनी मिशनविषयक मासिक काढलं, संपादक तेच, मालकही तेच. ग्रेस माउंट होलिओकला शिकली. तिथं तिनं मैत्रिणींचा एक गट जमवला. हाक आली तर परदेशातही प्रभूच्या कामाला जाऊ, अशा आशयाच्या कागदावर त्या मुली सह्या करायच्या. १८८३ मध्ये ती शिकून घरी आली. त्याच वर्षी रॉबर्ट हार्टफर्डच्या परिषदेहून पेटून आला आणि त्यानं प्रिन्स्टनमध्ये मित्रांचं मिशन मंडळ काढलं.

रविवारी दुपारी ही पोरं वायल्डरांच्या घरी जमत. एका खोलीत मुलांची बैठक चालू, आणि पलीकडच्या खोलीत ग्रेस गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करतेय. भाऊ-बहीण मिळून मागत होते ते साधंसुधं नव्हतं : अमेरिकेच्या विद्यापीठांतून मिशनसाठी एक हजार स्वयंसेवक. कोल्हापूरच्या बंगल्यात वाढलेल्या दोन पोरांनी मागावं ते मागणंसुद्धा कोल्हापुरी बाण्याचं, असं मला उगाच वाटून जातं.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी विद्यार्थ्यांचं शिबिर भरवलं. २५१ विद्यार्थी, जवळजवळ महिनाभर मुक्काम. निघताना ग्रेसनं भावाला सांगितलं होतं म्हणतात, की तिथं शंभरजण उभे राहतील. शिबिराचा विषय मिशन नव्हताच, बायबलचा अभ्यास होता. रॉबर्टनं थोड्या मुलांना रोज प्रार्थनेला गोळा केलं. मग वेगवेगळ्या देशांशी नातं असलेल्या दहाजणांनी एका संध्याकाळी तीन-तीन मिनिटं बोलायचं ठरलं. शिबिर संपताना सह्या मोजल्या तर ९९. निरोपाच्या प्रार्थनेत सगळे गुडघ्यावर असताना शंभरावा आला.

पुढचं वर्ष रॉबर्ट आणि जॉन फोरमन यांनी कॉलेजं पालथी घातली. फोरमनही हिंदुस्थानातलाच, लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा. थोरल्या वायल्डरांची प्रकृती तेव्हा खालावली होती. मुलगा घुटमळला. वडिलांनीच त्याला जा म्हणून सांगितलं, आपल्यासाठी थांबू नकोस म्हणाले. १६२ महाविद्यालयं आणि धर्मशास्त्र शाळा, २,००० वर सह्या. ऑक्टोबर १८८७ मध्ये वडील गेले. १८८८ मध्ये या सगळ्याला रीतसर रूप आलं ते स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट या नावानं. अध्यक्ष झाले माउंट हर्मनच्या शंभरांपैकी एक, जॉन मॉट, ज्यांना पुढं १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. या चळवळीतून पुढच्या अर्धशतकात २०,००० हून अधिक तरुण-तरुणी जगभर गेले. मागितले होते हजार.

ग्रेस आणि आई एलायझा वडिलांच्या निधनानंतर पुन्हा कोल्हापुरात आल्या. ग्रेसनं पुढं इस्लामपूरच्या बाजूला खेड्यांतून काम केलं आणि १९११ मध्ये ती वारली. जगातल्या मिशन इतिहासाच्या पुस्तकांत रॉबर्टवर प्रकरण असतं, ग्रेसवर परिच्छेद. पलीकडच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्याचं एवढंच होतं. रॉबर्ट १८९२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला, कलकत्ता आणि पुण्याच्या कॉलेजातल्या मुलांमध्ये राहिला, आजारानं परतला, युरोपच्या विद्यापीठांतून हिंडला, चळवळीचा सरचिटणीस झाला, मग कैरोला काम केलं. १९३८ मध्ये नॉर्वेत, बायकोच्या मायदेशी, वारला.

रॉबर्ट आणि फोरमन १८८७ मध्ये हिंडत हिंडत प्रिन्स्टनला आले होते, तेव्हा सही करणाऱ्यांत रॉबर्ट स्पीअर नावाचा विद्यार्थी होता. वकील व्हायला निघालेला. १८९१ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, तो प्रेस्बिटेरियन बोर्डाचा सचिव झाला आणि १९३७ पर्यंत राहिला. म्हणजे कोल्हापूर, रत्नागिरी, मिरज आणि रिओ, मेक्सिको, वाल्पारायसो या सगळ्यांचा पत्रव्यवहार ज्या कचेरीतून चाले ती सेहेचाळीस वर्षं त्याची.

१९१० च्या जूनमध्ये एडिंबरोला जागतिक मिशन परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, अध्यक्षस्थानी मॉट. आपल्याकडचे पाद्री व्ही. एस. अझरय्या तिथं उभे राहिले आणि मिशनऱ्यांना म्हणाले, तुम्ही पुष्कळ दिलंत, आता मैत्री द्या. त्या भाषणानं सभागृह चरकलं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण परिषदेत काय नव्हतं, त्याकडं कुणी फारसं बघत नाही. लॅटिन अमेरिका नव्हती. चर्च ऑफ इंग्लंडमधल्या कॅथलिक परंपरेकडं झुकलेल्या मंडळींनी अट घातली होती, की जिथं आधीच ख्रिस्ती चर्च आहे तो मुलूख मिशनचं क्षेत्र म्हणून धरायचा नाही. धरला तर आम्ही येणार नाही. संयोजकांनी मान तुकवली. ब्राझील, मेक्सिको, चिलीत आयुष्य घालवलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं काम तक्त्यांतून गळलं.

स्पीअरला ते झोंबलं. एडिंबरोतच त्यानं लॅटिन अमेरिकेच्या कामात रस असलेल्यांना जेवायला गोळा केलं, आणि त्या जेवणातून निघालेलं १९१६ च्या फेब्रुवारीत पनामाच्या परिषदेपर्यंत पोचलं. पनामाच्या बिशपांनी विरोध केला. तेव्हा परिषद भरली ती कालव्याच्या पट्ट्यातल्या हॉटेलात, अमेरिकेच्या ताब्यातल्या जमिनीवर. चर्चा बहुतेक इंग्रजीत. लॅटिन अमेरिकेत जन्मलेले प्रतिनिधी थोडेच. अध्यक्ष मात्र उरुग्वेचे एदुआर्दो मॉन्टेव्हेर्दे होते, हे नोंदवायला हवं.

कोण बरोबर? एडिंबरोची अट राजकारणाची होती, परिषद मोडू नये म्हणून केलेली तडजोड होती, हे उघड आहे. पण तिच्यात एक शहाणपण नकळत शिरलं : समोरचा ज्याचं नाव घेतो तेच नाव आपण घेतो, तेव्हा जरा थांबा. स्पीअरचंही चुकलं नव्हतं. चर्चच्या घंटा वाजतात म्हणून गरिबाच्या हातात बायबल आहे असं होत नाही. त्या देशांत कित्येक ठिकाणी सामान्य माणसाच्या घरात स्वतःच्या भाषेतलं शास्त्र नव्हतं, शाळा नव्हती. माझा कल स्पीअरच्या बाजूला आहे, पण त्याच्या परिषदेच्या बाजूला नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या देशात जाऊन, त्यांना कोपऱ्यात बसवून, आपल्या भाषेत त्यांच्याविषयी बोलायचं, ही रीत कोल्हापूरकरानं तरी उचलून धरू नये.

आणि गंमत बघा. कॅथलिक देशांत प्रॉटेस्टंटांची संख्या पुढं खरोखर वाढली ती परिषदांनी नव्हे. त्याचा एक धागा महाराष्ट्रातल्या केडगावला जातो.

तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत रोजच्या प्रार्थना सभा सुरू झाल्या. सत्तरेक बायका-मुली, मग संख्या वाढत शेकड्यांत गेली. जूनअखेरीस जे घडलं त्याला मराठी ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात : रडणं, पापांची कबुली, रात्ररात्र प्रार्थना, आणि मग मुलींच्या टोळ्या खेडोपाडी. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या पोरी त्या. जगानं ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्याच जगासाठी प्रार्थना करायला बसल्या होत्या. रमाबाईंच्या मदतनीस मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. एब्रम्स मेथडिस्ट मिशनरी म्हणून १८८७ मध्ये मुंबईत आलेल्या, १८९८ पासून रमाबाईंकडं. त्यांनी ती पुस्तिका आपली शिकागोची जुनी वर्गमैत्रीण मे हूवर हिला पाठवली. मे हूवर तेव्हा कुठं होती? वाल्पारायसोला. नवरा विलिस हूवर तिथल्या मेथडिस्ट मंडळीचा पाळक.

वाल्पारायसो १९०६ च्या भूकंपात मोडून पडलं होतं, हूवरांचं चर्चही. १९०७ मध्ये केडगावची पुस्तिका हाती पडली. हूवर दांपत्य चकित झालं. असंही होतं? मग आपल्याकडं का नाही? त्यांची मंडळी प्रार्थनेला बसली आणि १९०९ मध्ये तिथंही तसंच घडलं. मेथडिस्ट वरिष्ठांना तो गोंगाट रुचला नाही. १९१० मध्ये हूवर आणि त्यांच्याबरोबरचे चिली लोक बाहेर पडले आणि चिलीचं स्वतःचं पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. परदेशी बोर्ड नाही, डॉलर नाही. चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ सुरुवातीपासून मोची, सुतार, धुणी-भांडी करणाऱ्या बायका यांची राहिली. ज्यांनी तिच्यावर अभ्यास केलाय त्यांतले अनेकजण केडगावचं नाव घेतात. आपल्याकडं मात्र चिलीचं नाव रमाबाईंच्या शताब्दीच्या भाषणातसुद्धा क्वचित निघतं.

यातला आणखी एक योगायोग. चिलीत मेथडिस्ट काम सुरू केलं ते विल्यम टेलर यांनी, १८७७-७८ मध्ये. आणि हेच टेलर त्याआधी, १८७१-७२ मध्ये, मुंबई-पुण्यात मेथडिस्ट मंडळ्या काढत होते. मुंबईत मेथडिस्ट मंडळी होती म्हणून एब्रम्स मुंबईत आल्या, चिलीत होती म्हणून हूवर चिलीत गेले. रस्ता एकाच माणसानं दोन्हीकडं आखून ठेवला होता, आणि त्यावरून पहिलं टपाल गेलं ते इकडून तिकडं.

लॅटिन अमेरिकेतलं चित्र आज किती बदललंय ते ब्राझीलवरून कळतं. २०२२ च्या जनगणनेत तिथं कॅथलिक ५६.७ टक्के आणि इव्हँजेलिकल २६.९ टक्के. त्या जवळजवळ सत्तावीस टक्क्यांत सगळंच सोनं आहे असं समजायचं कारण नाही. दूरचित्रवाणीवरचे श्रीमंत पाद्री आणि निवडणुकीतली मतपेढी हाही त्याचाच भाग आहे. स्पीअरनं हे पाहिलं असतं तर तो काय म्हणाला असता, हा प्रश्न मला पडतो.

इकडं आपल्या मुलखात कॅथलिक शेजार काही परका नव्हता. वेंगुर्ल्यात मिशन गेलं ते सावंतवाडी-गोव्याच्या दारात. तिथं कॅथलिक घरं कित्येक पिढ्यांची, आणि डॉ. रॉबर्ट गोहीन यांचा दवाखाना नवा. दवाखान्याच्या रांगेत सगळेच. त्यांचा मुलगा रॉबर्ट एफ. गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. पुन्हा प्रिन्स्टन! कोकण-कोल्हापूरचा आणि त्या गावाचा काय ऋणानुबंध आहे कुणास ठाऊक.

आम्ही म्हणतो उपासना, ते म्हणतात मिस्सा. आम्ही पाळक, ते फादर. आम्ही मंडळी, ते धर्मग्राम. माझ्या लहानपणी हे शब्द म्हणजे कुंपणं होती. कॅथलिक घरी सोयरीक म्हटलं की दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या भुवया चढायच्या. पण मराठीत ख्रिस्ती काव्याचा पाया घातला तो फादर स्टीफन्स या जेझुइटानं, ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून, आणि त्याचा अभिमान प्रॉटेस्टंट नारायण वामन टिळकांच्या वाचकांनीही तेवढाच बाळगला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, १९६४ पासून, कॅथलिक चर्चनंही आम्हाला वेगळे झालेले बंधू म्हणायला सुरुवात केली. कुंपण हललं ते दोन्ही बाजूंनी.

जानेवारी महिन्यात याचं चित्र आपोआप उभं राहतं. वर्षाचा पहिला आठवडा हा प्रॉटेस्टंटांचा प्रार्थना सप्ताह. त्याची हाक हिंदुस्थानातूनच गेली होती : लुधियानाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं १८५८ च्या अखेरीस, उठावाची राख निवते न निवते तोच, जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं, की १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सगळ्यांनी मिळून जगात सुवार्ता पसरावी म्हणून प्रार्थना करा. इव्हँजेलिकल अलायन्सनं ते उचललं आणि प्रथा पडली. त्यानंतर १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा आठवडा, १९०८ पासूनचा, जो आज कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिळून पाळतात. पहिल्या आठवड्यात आपण यादी करतो, तिसऱ्या आठवड्यात यादीतल्यांच्या शेजारी बसतो. दोन्ही पाळावेत. पण पहिला पाळताना तिसरा आठवावा, आणि कॅथलिक देशासाठी प्रार्थना करायचीच असेल तर तिथल्या कॅथलिक माणसाला ऐकू गेली तरी त्याचा अपमान होणार नाही अशा शब्दांत करावी, असं मला वाटतं.

कोल्हापूरच्या मिशनचं पुढं काय झालं ते थोडक्यात. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एक झाल्या. म्हणजे वायल्डरांनी सोडलेलं अमेरिकन बोर्ड आणि त्यांनी धरलेलं प्रेस्बिटेरियन बोर्ड, दोघांची मराठी लेकरं एका छताखाली आली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मिशनरी गेले, बंगले राहिले, आणि बंगल्यांबरोबर जमिनीचे वादही. त्यावर मी लिहिणार नाही, वकिलांनी पुरेसं लिहिलंय. इस्थर पॅटन हायस्कूल, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, मेरी वानलेस हॉस्पिटल ही नावं शहराच्या बोलण्यात रुळली. त्या शाळांच्या बाकांवर बसलेल्यांत ख्रिस्ती मुलं थोडी आणि बाकी सगळं कोल्हापूर. वायल्डर विरुद्ध अँडरसन हा खटला कोल्हापूरनं वायल्डरच्या बाजूनं निकालात काढला असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मला सारखी टोचते. अमेरिकेतल्या प्रार्थनेच्या पुस्तिकांत मिशनऱ्यांची नावं आहेत, त्यांच्या बायकांची आहेत. इथल्या बायबल वुमन, ज्या हातात पुस्तक घेऊन कोडोलीपासून इस्लामपूरपर्यंत दारोदार गेल्या, शिव्या खाल्ल्या, मुलींना अक्षरं शिकवली, त्यांची नावं कुठं आहेत? केडगावच्या ज्या मुलींच्या प्रार्थनेची बातमी चिलीपर्यंत गेली, त्यांतल्या बहुतेकींची नावं चिलीला कधीच कळली नाहीत.

ती नावं अजून मिळतील. कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली, इस्लामपूर इथल्या ख्रिस्ती घरांतून जुन्या बायबलांच्या कोऱ्या पानांवर जन्म-बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. ट्रंकेत प्रार्थना सभेच्या वह्या असतात, बंगल्याच्या पायऱ्यांवर काढलेले गटाचे फोटो असतात, मागं पेन्सिलीनं नावं लिहिलेले. वह्यांना वाळवी लागायच्या आत एवढं करा : ती पानं मोबाइलवर नीट उजेडात टिपून घ्या, फोटोतल्या आजीचं नाव घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारून मागं लिहा, आणि एक प्रत आपल्या मंडळीच्या पंचांकडं द्या, एक शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात द्या. पुढच्या जानेवारीच्या प्रार्थना सप्ताहात त्यांतली निदान काही नावं वायल्डर चर्चमध्ये मोठ्यानं वाचता यावीत.